पहिल्या बारानंतर बंदूक गप्प: क्ले शूटिंगमध्ये सेमी-ऑटो दुसरे काडतूस का भरत नाही

लक्षण असे: दोन क्ले (हवेत उडवलेल्या ठिसूळ चकत्या) एकामागून एक सुटतात. पहिली फुटते. दुसरीवर नळी बरोबर जाते, चाप ओढला जातो आणि बार होत नाही. कधी नुसता ‘टक्’, कधी तेवढाही आवाज नाही. बंदूक खाली घेऊन पाहावे तर रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकलेली असते, किंवा बोल्ट अर्धवट मिटलेला, किंवा बोल्ट पूर्ण बंद पण चेंबर रिकामे. (पुंगळी म्हणजे काडतुसाचे कवच, खिडकी म्हणजे ते बाहेर पडते ते तोंड, बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता ठोकळा, चेंबर म्हणजे नळीतली काडतुसाची जागा.) साफसफाई केली की एक-दोन रविवार बरे जातात आणि पुन्हा तेच.

सेमी-ऑटो, म्हणजे बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, बारा बोरच्या बंदुकीचे हे सगळ्यात नेहमीचे दुखणे, आणि त्यावरचा सगळ्यात नेहमीचा उपाय म्हणजे तेल ओतणे. बाराच्या गॅसने बोल्ट ढकलणाऱ्या, म्हणजे गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत तर तेलाने दुखणे बहुतेक वेळा वाढतेच.

मूळ अडचण समजली की पुढचे सगळे सोपे होते. बहुतेक सेमी-ऑटो शिकारीची भारी काडतुसेही पचवतील अशा बेताने बांधलेल्या असतात: छर्ऱ्यांचे वजन ३२ ग्रॅम, ३६ ग्रॅम, ७६ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये त्याहून जड. क्लेच्या मैदानावर मात्र तिला हलक्या काडतुसांवर भागवावे लागते. ब्रिटनमध्ये क्ले पिजन शूटिंग असोसिएशनच्या नोंदणीकृत इंग्लिश प्रकारांत छर्ऱ्यांचे वजन २८ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि धक्का कमी बसावा म्हणून बरेच जण २४ किंवा २१ ग्रॅम वापरतात. भारतातले ट्रॅप आणि स्कीट या क्ले प्रकारांचे सामने आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी होतात. तिथे सेमी-ऑटोला परवानगी आहे, पण मॅगझिन (पुढची काडतुसे ठेवणारी नळी) एकाच काडतुसापुरते अडवलेले हवे आणि काडतूस २४ ग्रॅमचे. म्हणजे बोल्ट मागे ढकलायला लागते त्याहून थोडीच जास्त ताकद हाताशी असते. थोडी काजळी, थोडे घट्ट तेल, दमट हवेने गंजलेली स्प्रिंग, यांपैकी एकेकटे कारण बंदूक सहन करते. तिन्ही एकत्र आली की दुसरा बार होत नाही. म्हणूनच एक गोष्ट सुधारली की काही दिवस बरे वाटते आणि खरे कारण तसेच राहून जाते.

हँडल ओढण्याआधी पाहा

बंदूक अडकली की हात आपसूक बोल्टच्या हँडलकडे जातो. एक ओढ, पुंगळी गवतात, आणि सगळा पुरावा तिच्याबरोबर. तसे करू नका. नळी क्लेच्या दिशेलाच ठेवा, बोट चापावरून काढा आणि तीन गोष्टी पाहा: बोल्ट कुठे थांबला आहे, रिकामी पुंगळी कुठे आहे, पुढचे काडतूस कुठे आहे. मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी मोबाइलवर खिडकीचा फोटो काढायला सांगितला तर उत्तम. बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो फोटो जास्त सांगतो. सामन्यात तर हा नियमच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बिघाड झाल्यावर पंचाने पाहण्याआधी बंदूक उघडायची नाही आणि सेफ्टीलाही हात लावायचा नाही. उघडली की बिघाडाचा दावा संपला.

दोन प्रसंगांत मात्र निदान बाजूला ठेवायचे. ‘टक्’ आवाज आला आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा; दारू उशिरा पेटू शकते. आणि बार नेहमीसारखा न होता फुसका झाला, धक्का कमी लागला, धूर जास्त आला, तर तिथेच थांबा. हलक्या फुसक्या बारात सेमी-ऑटो सहसा स्वतःहून पुढचे काडतूस भरत नाही. माणूस समजतो की नेहमीसारखी अडकली, हाताने हँडल ओढून पुढचा बार करतो, आणि नळीत अडकलेल्या वॅडवर (दारू आणि छर्रे यांमधला बुच) तो बार जाऊन नळी फुगते किंवा फाटते. बंदूक पूर्ण रिकामी करा, मॅगझिनसुद्धा, आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. २० बोरची काडतुसे सहसा पिवळी असतात, ती याच भीतीने: चुकून बारा बोरमध्ये गेलेले २० बोरचे काडतूस पुढे सरकून नळीत अडकते आणि त्याच्यामागे १२ बोरचे आरामात बसते. दोन्ही बोरच्या बंदुका घरात असतील तर काडतुसांच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. यावर वाद नको.

कुठे काय सापडले, त्याचा अर्थ

बोल्ट हललाच नाही, पुंगळी चेंबरमध्येच आहे. हँडल हाताने सहज मागे आले आणि पुंगळी सुळकन निघाली, तर बोल्टपर्यंत ताकद पोहोचलीच नाही. हँडल घट्ट असेल, जोर लावावा लागला असेल, तर पुंगळी चेंबरला चिकटली आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण बाहेरून दिसायला एकच.

पुंगळी अर्धी बाहेर येऊन खिडकीत चिमटली आहे. बोल्ट मागे गेला पण पुरता नाही. ताकद कमी पडली किंवा वाटेत काही आडवे आले. एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा) आकडा झिजला असेल तरीही हेच दिसते, पण ते कारण दुर्मीळ. आधी ताकदीचा विचार करा.

पुंगळी बाहेर पडली, बोल्ट पूर्ण बंद, चेंबर रिकामे, आणि दुसरे काडतूस कॅरिअरवर (काडतूस उचलून चेंबरसमोर आणणारी पट्टी) पडलेले. बोल्ट पुंगळी फेकण्याइतका मागे गेला, पण नव्या काडतुसाच्या मागे जाण्याइतका नाही. हा आखूड फेऱ्याचा, म्हणजे बोल्ट पुरता मागे न जाण्याचा, अगदी नमुनेदार पुरावा आहे. इथे मॅगझिन खोलत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

पुंगळी बाहेर, बोल्ट मागे अडकून उघडा, कॅरिअर रिकामा, काडतूस अजून मॅगझिनमध्ये. आता उलट: बोल्टने आपले काम पूर्ण केले, मॅगझिनने काडतूस सोडले नाही.

बोल्ट जवळजवळ बंद, हँडल एखाद-दोन मिलिमीटर मागे, चाप ओढल्यावर ‘टक्’. बोल्ट कुलूपबंद झाला नाही. वर सांगितलेले ३० सेकंद थांबून ते काडतूस काढा आणि त्याच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीकडे पाहा. टोपीवर खूणच नाही किंवा अगदी पुसट आहे, तर बोल्ट पूर्ण मिटला नव्हता. मिटलेला असूनही खूण उथळ असेल तर फायरिंग पिनच्या (टोपीवर आपटणारी सुई) बिळात घाण किंवा घट्ट झालेले तेल आहे. खूण खोल आणि मधोमध असेल तर बंदुकीला दोष देऊ नका, टोपी वाईट आहे. असे काडतूस परत भरू नका. मैदानावर निकामी काडतुसांसाठी वेगळा डबा असतो, त्यात टाका.

एकेका काडतुसाची चाचणी

सगळ्या निदानात सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट ही. मॅगझिन रिकामे ठेवा. चेंबरमध्ये एकच काडतूस घाला, बार करा. आजच्या बहुतेक सेमी-ऑटोत शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे अडकून उघडा राहतो. असे पाच बार करा आणि प्रत्येक वेळी पाहा: बोल्ट उघडा राहिला की मिटला?

पाचही वेळा उघडा राहिला तर बोल्टचा फेरा पूर्ण होतो आहे. मग दुखणे मॅगझिन, कॅरिअर किंवा काडतूस अडवणाऱ्या खिटीत शोधा. गॅसचे भाग घासून काही मिळणार नाही. एकदा जरी मिटला तरी फेरा आखूड आहे, आणि मग मॅगझिन उघडू नका. अर्ध्याहून जास्त वायफळ मेहनत या पाच काडतुसांनी वाचते.

त्याच वेळी पुंगळ्या कुठे पडतात तेही पाहा. निरोगी बंदुकीच्या पुंगळ्या साधारण दोन ते चार मीटरवर, एका ठरावीक पट्ट्यात पडतात. हलकी काडतुसे लावल्यावर त्या पायाशीच पडायला लागल्या तर बंदूक अजून अडकत नसली तरी ताकद काठावर आली आहे. स्पोर्टिंगच्या (क्लेचा आणखी एक प्रकार) पिंजऱ्यात उभे राहून ही पाहणी करू नका: पुंगळी बाजूच्या गजावर आपटून परत येते आणि अंदाज चुकतो.

काडतूस: पहिला संशयित

फेरा आखूड असेल तर सुरुवात काडतुसापासून करा, कारण ते बदलायला सर्वांत सोपे आहे. हिशेब साधा आहे. २८ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाले आणि त्याच वेगाने २१ ग्रॅम निघाले, तर दुसऱ्यात छर्ऱ्यांचा संवेग पावपट कमी. धक्काही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो, आणि इनर्शियावर (जडत्वावर) चालणारी बंदूक त्या धक्क्यावरच जगते. गॅसवर चालणारी बंदूक नळीतल्या दाबावर चालते, म्हणून तिथे वजनाइतकीच दारूची जात महत्त्वाची ठरते. एकाच कंपनीची २४ ग्रॅमची दोन वेगळी काडतुसे एकाच बंदुकीत वेगळी वागतात ती यामुळे. पेटीवर ‘२४’ वाचून हलके-भारी ठरवू नका.

ब्रिटनमधल्या बऱ्याच मैदानांवर प्लास्टिक वॅडला मनाई आहे. शेतात प्लास्टिक पडून राहते आणि जनावरे चरतात. फायबर वॅड प्लास्टिकच्या कपाइतकी घट्ट बसत नाही, थोडा दाब बाजूने निसटतो, आणि मागे घाणही जास्त राहते. प्लास्टिकवर मजेत चालणारी बंदूक फायबरच्या २१ ग्रॅमवर अडखळली तर त्यात नवल नाही. तिथे २४ किंवा २८ ग्रॅमच्या फायबरवर जा. २१ ग्रॅमवरच अडून बसायचे असेल तर सरळ दुनाळी घ्या, हे स्पष्ट मत आहे.

चाचणी अशी करा: तुमचे नेहमीचे काडतूस एका बाजूला, दुसऱ्या बाजूला २८ ग्रॅमचे, जरा वेगवान, प्लास्टिक वॅडचे आणि जिथे ते चालते अशा मैदानावर. प्रत्येकी पाच एकेकटे बार, मग दहा जोड्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतूस बदलले आणि त्याच दिवशी पिस्टनही घासला, तर काय लागू पडले ते कळणार नाही. ब्रिटनमध्ये काडतुसे २५० च्या स्लॅबमध्ये स्वस्त पडतात, पण आधी २५ ची एक पेटी आणून पाहा. स्वस्तात घेतलेला न चालणारा स्लॅब महागात पडतो.

नवी बंदूक असेल तर थोडी सबुरी ठेवा. स्प्रिंगा कडक असतात, घासणारे भाग अजून बसलेले नसतात. अनेक उत्पादक सुरुवातीच्या काही पेट्या भारी काडतुसांच्या सुचवतात. मैदानावर २८ ग्रॅमची मर्यादा असेल तर २८ मधले वेगवान घ्या. तीन-चार पेट्यांनंतरही एकेकट्या चाचणीत बोल्ट मिटत असेल तर मग पुढे वाचा.

काडतुसे घरी भरणाऱ्यांसाठी एकच सूचना: पितळी किंवा पोलादी बूड मापात परत दाबले नसेल तर ते दुनाळीत अंगठ्याने बसते, सेमी-ऑटोत बोल्ट मिटत नाही. दुनाळी बंद करायला माणसाचे मनगट असते. इथे फक्त एक स्प्रिंग आहे.

गॅसवर चालणारी बंदूक

नळीच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. छर्रे त्यांच्यापुढे गेले की थोडा गॅस छिद्रांतून खालच्या सिलिंडरमध्ये येतो, पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला. ब्राउनिंग, विंचेस्टर, बेरेटा यांच्या क्लेवर दिसणाऱ्या बहुतेक सेमी-ऑटो याच पद्धतीच्या. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० याच घराण्यातली.

काजळी तीन ठिकाणी साचते: पिस्टनवर, सिलिंडरच्या आत, आणि छिद्रांत. पिस्टन दिसतो म्हणून सगळे तो चकाचक करतात. सिलिंडर आतून राहतो, आणि छिद्रे तर कुणी पाहतच नाही. छिद्रे अर्धी बुजली की पिस्टन कितीही चमकला तरी गॅस येणार कुठून?

क्रम असा ठेवा. बंदूक रिकामी, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, मॅगझिनही. मॅगझिन ट्यूबच्या टोकाचे झाकण काढा, पुढचे लाकूड काढा, नळी काढा. पिस्टन आणि त्याच्या रिंगा निघतील त्या क्रमाने एका फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडा. रिंगांची दिशा महत्त्वाची आहे, उलटी बसली तर गॅस गळतो. काजळीवर सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या, मग ब्रॉन्झच्या ब्रशने काढा. सिलिंडरच्या आत ब्रश गोल फिरवा. छिद्रांत पाइप क्लीनर किंवा मऊ तांब्याची तार घाला. ड्रिलने छिद्र मोठे करण्याचा मोह अजिबात नको: हलक्या काडतुसांवर बंदूक चालेल, आणि पहिल्या भारी काडतुसाला बोल्ट मागे इतक्या जोरात आदळेल की रिसिव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या घराला) तडा जाऊ शकतो. बिघडलेले छिद्र परत लहान होत नाही.

पिस्टन, सिलिंडर आणि पिस्टन ज्यावर सरकतो ती मॅगझिन ट्यूब पुसून कोरडी ठेवा. फार तर तेलाचा हात फिरवून परत पुसा. इथले तेल गरम गॅसमध्ये जळते आणि डांबरासारखी काजळी बनते. तुमच्या मॉडेलचे मॅन्युअल वेगळे सांगत असेल तर मॅन्युअल खरे.

रेमिंग्टन ११०० वाल्यांनी मॅगझिन ट्यूबवरची रबरी ओ-रिंग आधी पाहावी. ती तडकली, कडक झाली किंवा साफ करताना हरवली की गॅस निसटतो आणि बंदूक एकदम एकेक बार करणारी होते. किंमत किरकोळ, दोन जास्तीच्या पेटीत ठेवाव्यात. याच बंदुकीत दुसरा घोटाळा: ७६ मिलिमीटर मॅग्नम नळीची गॅस छिद्रे भारी काडतुसांसाठी बेतलेली असतात. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली अशी नळी लावून २४ ग्रॅमची काडतुसे चालवू पाहणारा माणूस वर्षभर साफसफाई करत बसला तरी फरक पडणार नाही.

आधुनिक पिस्टनवर काजळी खरवडणारी रिंग असते, तिच्यामुळे मुदत वाढते. तरी फायबर वॅडवर २५० ते ५०० बारांनंतर एकदा पिस्टन आणि छिद्रे पाहायचीच, असा नेम बरा.

इनर्शियावर चालणारी बंदूक

बेनेलीने प्रसिद्ध केलेली पद्धत. फ्रँकी आणि स्टोगरच्या सेमी-ऑटोतही तीच. गॅस नाही, छिद्रे नाहीत. बार होताच अख्खी बंदूक मागे येते, जड बोल्ट क्षणभर जागीच राहतो, त्याच्या पोटातली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि सुटताना बोल्टला मागे फेकते. काजळी कमी, म्हणून लोक या बंदुका साफच करत नाहीत.

इथे बंदुकीला मागे यायला मोकळीक लागते. पुढे वजनाचे ठोकळे लावले, दस्त्यात शिसे भरले, जड काडतूसपट्टा दस्त्यावर चढवला, की बंदूक मागे कमी वेगाने येते आणि हलक्या काडतुसावर फेरा अपुरा पडतो. क्लेवर नळी संथ फिरावी म्हणून वजन वाढवणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा त्या ठोकळ्यातच असते. वजन काढून एकेकटी चाचणी करा. बंदूक टेबलावर किंवा खांबाला घट्ट टेकवून केलेला बारही चाचणी म्हणून धरू नका.

या बंदुकांचे दुसरे प्रसिद्ध दुखणे म्हणजे ‘बेनेली क्लिक’. बोल्टचे डोके फिरून कुलूपबंद होते. हँडल हाताने हळूच पुढे सोडले, किंवा भरलेली बंदूक आपटून बोल्ट किंचित मागे सरकला, तर डोके पूर्ण फिरत नाही आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’. उपाय फुकट आहे: भरताना बोल्ट हाताने सावकाश सोडायचा नाही, बटण दाबून आपला आपण आपटू द्यायचा. आवाज कमी करण्याची सवय शिकारीतली. क्लेला कान नसतात. हे करूनही होत असेल तर बोल्टच्या डोक्यावरचे लग (कुलूपबंद करणारे दाते) आणि नळीच्या मागच्या टोकातले त्यांचे खाचे दातांच्या ब्रशने साफ करा, आणि मग रिटर्न स्प्रिंगकडे वळा.

रिटर्न स्प्रिंग: जिथे कुणी पाहत नाही

बोल्टला परत पुढे आणणारी ही स्प्रिंग काही बंदुकांत दस्त्याच्या आतल्या नळीत असते, जसे रेमिंग्टन ११०० आणि बेनेली एम २ मध्ये. काहींत मॅगझिन ट्यूबभोवती, जसे फ्रँकी ॲफिनिटीत. ट्यूबभोवतीची दिसते, म्हणून साफ होते. दस्त्यातली वर्षानुवर्षे अंधारात राहते. बंदूक कपाटात उभी, नळी वर. पावसाचे पाणी आणि जास्तीचे तेल हळूहळू मागे उतरते, त्यात दारूचे न जळलेले कण मिसळतात आणि तपकिरी चिखल तयार होतो. ब्रिटनच्या ओल्या हिवाळ्यात हे होतेच. कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात परवान्याची बंदूक कपाटात ठेवणाऱ्यांकडेही हेच होते.

ही स्प्रिंग दोन उलट दुखणी देते आणि लोक त्यांत गल्लत करतात. स्प्रिंग दमली, आखूड झाली तर बोल्ट मागे जोरात आदळतो पण पुढे येताना पुरता मिटत नाही. स्प्रिंग चिखलात अडकली तर बोल्ट मागेच नीट जात नाही, फेरा आखूड होतो. पहिल्यात नवी स्प्रिंग हवी, दुसऱ्यात फक्त सॉल्व्हंट आणि ब्रश. दुसऱ्यात नवी, कडक स्प्रिंग घातली तर हलक्या काडतुसांवर बंदूक आणखीच अडेल.

तपासणी: बंदूक रिकामी, नळी ४५ अंशांत वर. बोल्ट मागे अडकवा आणि बटण दाबा. तो एका दमात, धातूचा ठाम आवाज करत मिटायला हवा. मग हँडल दोन-तीन सेंटिमीटर मागे ओढून सोडा. वाटेत रेंगाळला, शेवटचे दोन मिलिमीटर राहिले, तर स्प्रिंग बाहेर काढायची वेळ झाली. दस्ता काढायला मागचे रबर काढून आतला नट सोडवावा लागतो. स्प्रिंग दाबात असते, चष्मा घाला, टोपण अंगठ्याने धरून ठेवा. काढलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी पाहा. बसवताना तिला तेलाचे पातळ बोट पुरे. हंगामातून एकदा हे केले की भागते. साफसफाईनंतरची पहिली रात्र बंदूक नळी खाली करून फडक्यावर उभी ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्यात न जाता बाहेर येते.

चेंबर आणि चिकटलेली पुंगळी

स्वस्त काडतुसांचे बूड पितळेचे दिसते, पण वर मुलामा आणि आत पोलाद असते. लोहचुंबक लावून पाहा. पितळ बार झाल्यावर फुगते आणि परत आवळते, पोलाद तेवढे आवळत नाही. खरबरीत किंवा प्लास्टिकच्या थराने माखलेल्या चेंबरमध्ये ते चिकटून बसते. चेंबरचा ब्रॉन्झ ब्रश सॉल्व्हंट लावून फिरवा. थर जुना असेल तर ब्रशवर चार शून्यांची स्टील वूल गुंडाळून दोन-तीन मिनिटे. सॅंडपेपर नको. त्याबरोबर एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची घाण टूथपिकने काढा. तिथे प्लास्टिकचे कण दडपून बसतात आणि आकडा रिमवर (बुडाच्या कडेवर) पुरता चढत नाही.

पुंगळी अडकली म्हणून दस्ता जमिनीवर आपटून हँडल उघडण्याची एक लकब काही जणांत आहे. आत जिवंत काडतूस असण्याची थोडीही शंका असेल तर ती जीवघेणी आहे. हँडल हाताने येत नसेल तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून मैदानाच्या माणसाला बोलवा.

मॅगझिन

एकेकट्या चाचणीत बोल्ट दर वेळी उघडा राहिला तरच इथे या. मॅगझिनची स्प्रिंग आणि काडतुसे ढकलणारा फॉलोअर बाहेर काढा, ट्यूब आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल नको. काडतुसांच्या प्लास्टिकवर ते धूळ गोळा करते. काडतूस अडवणाऱ्या खिटीच्या मुळाशी घाण असेल तर ती नीट मागे जात नाही. बऱ्याचदा दोष भरण्याच्या पद्धतीत असतो: अंगठ्याने काडतूस पुरते आत ढकलले नाही, रिम खिटीच्या मागे अडकली नाही, तर ते काडतूस मागे घसरून कॅरिअरखाली जाते आणि बोल्टच कोंडतो. ‘टिक्’ ऐकू येईपर्यंत ढकला.

ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन सर्टिफिकेटवरच्या सेमी-ऑटोचे मॅगझिन दोनपेक्षा जास्त काडतुसे न घेणारे असते आणि त्यासाठी ट्यूबवर कायमचा चिमटा मारलेला असतो. स्प्रिंग तिथे घासते असे वाटले तरी तो चिमटा स्वतः सरळ करू नका. तो कायद्याचा भाग आहे, आणि केले की बंदूक दुसऱ्या वर्गात जाते. भारतातही मॅगझिनमध्ये फेरफार म्हणजे परवान्याशी खेळ.

दुरुस्तीला देताना

सिअर, हॅमर, ट्रिगर ग्रुपच्या (चापाच्या यंत्रणेच्या) आतले भाग, गॅस छिद्रे, एक्स्ट्रॅक्टरची धार, ही कामे घरी नको. ट्रिगर ग्रुप पिना काढून अख्खा बाहेर घेऊन सॉल्व्हंटने धुणे, वाळवणे आणि एक थेंब तेल देणे इथपर्यंत ठीक. बंदूक देताना तिच्याबरोबर अडकलेल्या क्षणाचा फोटो, त्या वेळच्या दोन-तीन पुंगळ्या, बार न झालेल्या काडतुसाच्या टोपीचा फोटो, एकेकट्या चाचणीचा निकाल कागदावर, आणि त्याच पेटीतल्या काडतुसांचे वजन, वॅड आणि नाव लिहून द्या. जास्तीचे वजन किंवा दुसरी नळी वापरत असाल तर तीही सोबत द्या, नाहीतर दुकानाच्या २८ ग्रॅमवर बंदूक व्यवस्थित चालेल आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लागून परत येईल.